सेऊल १९८८ : अँथनी नेस्टीच्या विजयाची पूर्वपीठिका

१९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये २१ सप्टेंबर रोजी पुरुषांच्या १०० मीटर बटरफ्लाय शर्यतीची अंतिम फेरी झाली. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील सूरिनाम या छोट्या देशाचा २० वर्षांचा जलतरणपटू अँथनी नेस्टी याने तीत अमेरिकेच्या मॅट बियोन्डी याचा पराभव केला. नेस्टीची वेळ ५३.०० सेकंद होती, बियोन्डीची ५३.०१. जलतरणात वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला आणि सूरिनामला त्याच्या इतिहासातील पहिले ऑलिंपिक पदक लाभले. क्रीडाविषयक ग्रंथांतून या घटनेचा उल्लेख बहुधा एक 'चमत्कार' म्हणून येतो. तथापि चमत्कार या शब्दाने इतिहासाच्या अभ्यासकाचे काम भागत नाही. कारणे शोधण्याचा कंटाळा आला म्हणजे तो शब्द वापरला जातो, असे म्हटल्यास ते फारसे अन्यायाचे होणार नाही. नेस्टीच्या विजयाला कारणे होती. तसेच त्याच्यापूर्वी त्याच्यासारख्यांना तेथवर पोहोचू न देणारीही कारणे होती आणि ती अधिक जुनी व अधिक खोल आहेत. प्रस्तुत निबंधात मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या कारणांचा विचार केला आहे.

प्रथम शर्यतीकडे पाहणे इष्ट ठरेल. बियोन्डी सेऊलला आला तो सात सुवर्णपदकांची अपेक्षा खांद्यावर घेऊन. १९७२ साली म्युनिक येथे मार्क स्पिट्झ याने सात सुवर्णपदके मिळविली होती व त्या पराक्रमाची पुनरावृत्ती होणार काय, हाच त्या दिवसांत अमेरिकन वृत्तपत्रांचा मुख्य विषय होता. (अखेरीस बियोन्डीने सातच पदके मिळविली, परंतु त्यांत सुवर्ण पाच, एक रौप्य आणि एक कांस्य.) त्याच अंतिम फेरीत १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील याच शर्यतीचा विजेता, पश्चिम जर्मनीचा मिखाएल ग्रोस होता, त्याच ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायचे सुवर्णपदक अनपेक्षितपणे पटकाविणारा ऑस्ट्रेलियाचा जॉन सीबन होता, ब्रिटनचा अँडी जेमसन होता. ५२.८४ सेकंदांचा जागतिक उच्चांक ज्याच्या नावावर होता, तो अमेरिकेचा पाब्लो मोरालेस मात्र आपल्या देशाच्या निवड-चाचणीतच मागे पडल्यामुळे सेऊलला येऊ शकला नव्हता. अमेरिकेपाशी चांगले पोहणारे इतके होते की खुद्द जागतिक उच्चांकवीराला घरी बसावे लागले. सूरिनामपाशी मात्र होता तो एकटा नेस्टी. दोन देशांमधील हा फरक प्रारंभीच ध्यानात घ्यावा लागतो.

शर्यतीचा बहुतेक भाग बियोन्डी आघाडीवर होता. शेवटच्या काही मीटरांत तो एका अडचणीत सापडला : भिंत इतकी जवळ आली होती की हातांचा आणखी एक पूर्ण फेरा मारणे कठीण, आणि इतकी दूर होती की आहे त्या गतीने सरकत जाण्यात वेळ जाणार. त्याने सरकत जाणे पसंत केले. नेस्टीचा हात मात्र नेमका लयीत भिंतीवर आला. ५३ सेकंदांत १०० मीटर या वेगाने एक शतांश सेकंदात कापले जाणारे अंतर सुमारे दोन सेंटिमीटर भरते, म्हणजे बोटाच्या एका पेराहूनही कमी. ग्रोसचा ५३.०८ सेकंदांचा ऑलिंपिक उच्चांकही या शर्यतीत मोडला गेला. तिसरा आलेल्या जेमसनची वेळ ५३.३० होती.

हा दोन सेंटिमीटरांचा फरक कोणाला दिसला? प्रेक्षकांना दिसला नाही, आणि पंचांच्या डोळ्यांनाही तो खात्रीने दिसला असता असे म्हणवत नाही. तो टिपला भिंतीवरील विद्युत्-स्पर्शफलकाने. या साधनाचा इतिहास येथे थोडा विस्ताराने सांगणे अस्थानी होणार नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइल शर्यतीत ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन जवळजवळ एकाच वेळी भिंतीपाशी पोहोचले. त्या काळी निर्णय पंचांच्या नजरेवर अवलंबून असे. पहिला क्रमांक पाहणाऱ्या तीन पंचांपैकी दोघांनी डेव्हिटला पहिला ठरविले. दुसरा क्रमांक पाहणाऱ्या तिघांपैकी दोघांनी त्याच डेव्हिटला दुसरा ठरविले! हाती धरलेल्या घड्याळांनी लार्सनची वेळ कमी दाखविली होती. तरीही मुख्य पंचाने सुवर्णपदक डेव्हिटला दिले. या वादानंतर यांत्रिक कालमापनाची निकड सर्वांना पटली आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये स्पर्शफलक अधिकृतपणे वापरात आले. पुढे १९७२ साली म्युनिकला ४०० मीटर वैयक्तिक मिश्र शर्यतीत स्वीडनच्या गुन्नार लार्सनला अमेरिकेच्या टिम मॅक्कीपेक्षा केवळ दोन सहस्रांश सेकंदांनी विजयी ठरविण्यात आले. एवढ्या वेळात कापले जाणारे अंतर तीन मिलिमीटरांच्या आसपास भरते, आणि तलाव बांधताना दोन मार्गांच्या लांबीत तेवढा फरक सहज राहू शकतो. तेव्हा असा निर्णय पोहणाऱ्यांमधील अंतर मोजतो की गवंड्याच्या हातातील फरक मोजतो, असा प्रश्न उभा राहिला. त्यानंतर शतांश सेकंदाच्या पलीकडे वेळ मोजायची नाही, असा नियम झाला.

सारांश, नेस्टी ज्या फरकाने जिंकला तो नियमाने मान्य केलेला सर्वांत लहान फरक होता. रोमसारखी पद्धत १९८८ मध्ये असती, तर एका बाजूला साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचा, सर्वांच्या नजरा ज्याच्यावर खिळलेल्या तो बियोन्डी आणि दुसऱ्या बाजूला फारसा कोणाच्या परिचयाचा नसलेला नेस्टी, यांच्यात पंचांनी कोणाला कौल दिला असता, याविषयी तर्क करण्यास जागा आहे. पंच अप्रामाणिक असतात असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. मनुष्याच्या डोळ्याला जे दिसण्याची अपेक्षा असते ते त्याला अगोदर दिसते, इतकेच. स्पर्शफलकाला अपेक्षा नसते. दुर्बळ मानल्या गेलेल्या स्पर्धकाच्या दृष्टीने क्रीडाक्षेत्रातील कोणती सुधारणा सर्वाधिक हितकारक ठरली, या प्रश्नाच्या उत्तरात या निर्जीव फलकाला मोठे स्थान द्यावे लागेल.

आता सूरिनामकडे वळू. १६६७ च्या ब्रेडा तहाने हा प्रदेश डचांकडे राहिला व न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे आजचे न्यूयॉर्क, इंग्रजांकडे. त्या काळच्या हिशेबाने डचांनी घाट्याचा व्यवहार केला असे कोणी मानले नसते. साखरेचे मळे हीच तेव्हाची संपत्ती होती. ते मळे आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर उभे राहिले. १ जुलै १८६३ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली, परंतु मुक्त झालेल्यांना आणखी दहा वर्षे सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर राबणे भाग होते. ती मुदत संपता संपता, ५ जून १८७३ रोजी, 'लल्ला रूख' हे जहाज कलकत्त्याहून भारतीय करारबद्ध मजूर घेऊन पारामारिबोला लागले. १९१६ पर्यंत सुमारे ३४,००० भारतीय तेथे गेले, बहुतांशी भोजपुरी व अवधी भाषिक प्रदेशांतून. जावामधूनही मजूर आणले गेले. अशा रीतीने तीन खंडांतील माणसे मळ्यांच्या गरजेपोटी एकत्र आलेल्या या देशाला २५ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य मिळाले. योगायोग असा की अँथनी नेस्टीचा तो आठवा वाढदिवस होता. त्याचा जन्म १९६७ साली त्रिनिदादमध्ये झाला आणि तान्हेपणीच तो आईवडिलांबरोबर सूरिनामला आला.

स्वातंत्र्याच्या आगेमागे देशातील फार मोठा वर्ग नेदर्लंड्सला निघून गेला. १९८० साली लष्कराने सत्ता बळकाविली. ८ डिसेंबर १९८२ रोजी राजवटीच्या पंधरा विरोधकांना ठार मारण्यात आले आणि डचांनी आर्थिक साहाय्य थांबविले. १९८६ पासून अंतर्भागात यादवी युद्ध सुरू झाले. १९८७ च्या नोव्हेंबरात निवडणुका होऊन जानेवारी १९८८ मध्ये भारतीय वंशाचे रामसेवक शंकर हे अध्यक्ष झाले. म्हणजे नेस्टी सेऊलला पोहायला उतरला तेव्हा त्याच्या देशात नागरी शासन येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. लोकसंख्या सुमारे चार लाख होती.

त्याच वर्षीची आणखी एक घटना येथे नोंदविली पाहिजे. २५ जून १९८८ रोजी म्युनिक येथे नेदर्लंड्सने युरोपीय फुटबॉल अजिंक्यपद जिंकले. त्या संघाचा कर्णधार रूड गुलिट आणि त्याचा सहकारी फ्रँक रायकार्ड हे दोघेही सूरिनामहून आलेल्या पित्यांचे पुत्र होते आणि दोघेही ॲमस्टरडॅममध्ये जन्मलेले. सूरिनामच्या रक्ताचे कर्तृत्व जगाला ठाऊक नव्हते असे नव्हे. मात्र ते नारिंगी डच पोशाखात ठाऊक होते. तीन महिन्यांनी सेऊलमध्ये जो ध्वज वर चढला तो मात्र सूरिनामचा स्वतःचा होता. पारामारिबोत या विजयाचा आनंद एवढा उसळला, त्याचे एक कारण यात सापडते.

सूरिनामच्या ऑलिंपिक इतिहासाचा आरंभ एका न झालेल्या शर्यतीने होतो. १९६० साली रोमला या देशाचा एकच खेळाडू गेला होता : ८०० मीटर धावणारा विम एसाजस. तो आपल्या प्राथमिक फेरीला हजरच राहू शकला नाही. 'एसाजस झोपून राहिला' ही गोष्ट जगभर पसरली आणि ऑलिंपिकविषयीच्या गमतीदार किश्शांमध्ये ती पुढील चार दशके पुनःपुन्हा छापली गेली. वस्तुस्थिती निराळी होती. शर्यत दुपारी आहे असे त्याला सांगण्यात आले होते. त्यानुसार तो सकाळी विश्रांती घेत होता, आणि फेरी सकाळीच उरकली. चूक सूरिनामच्या ऑलिंपिक समितीच्या चिटणिसाची होती. २००५ साली समितीने ही गोष्ट मान्य केली, एसाजसला क्षमापत्र आणि देशाचा पहिला ऑलिंपिक खेळाडू म्हणून मानचिन्ह दिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो मरण पावला.

हा प्रसंग केवळ करुण म्हणून येथे दिलेला नाही. एका संस्थेची चूक एका माणसाच्या आळसाच्या नावावर पंचेचाळीस वर्षे खपली, आणि ती खपण्याचे कारण उघड आहे : उष्ण प्रदेशातील कृष्णवर्णीय मनुष्य झोपून राहिला, ही गोष्ट ऐकणाऱ्याला पुरावा मागावासा वाटला नाही. ज्या कथेला पुराव्याची गरज वाटत नाही, तीच कथा इतिहासकाराने सर्वांत आधी तपासावयाची असते. जलतरणाच्या बाबतीत अशीच एक कथा, पण कितीतरी अधिक व्यापक प्रमाणावर, रूढ झाली होती.

ती कथा अशी की कृष्णवर्णीयांचे शरीर पाण्याला अनुकूल नाही. त्यांची हाडे जड, स्नायू घन, म्हणून ते बुडतात. हे मत बाजारगप्पांपुरते मर्यादित राहिले नव्हते. १९६९ साली एका अमेरिकन शैक्षणिक नियतकालिकात कृष्णवर्णीयांचे पोहणे शिकणे आणि शरीराची तरंगण्याची क्षमता यांच्या संबंधावर लेख प्रसिद्ध झाला होता. ६ एप्रिल १९८७ रोजी, म्हणजे सेऊलच्या अवघे दीड वर्ष आधी, लॉस एंजेलिसच्या डॉजर्स या प्रख्यात बेसबॉल संघाचे व्यवस्थापक अल् कँपॅनिस यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत कृष्णवर्णीय लोक चांगले पोहणारे नसतात कारण त्यांच्यात तरंगण्याचा गुण नसतो, असे सहज सांगून टाकले. मुलाखतीचा मूळ विषय बेसबॉलमधील उच्च पदे हा होता व त्याविषयीची त्यांची विधानेही याच जातीची होती. दोन दिवसांत त्यांना पद सोडावे लागले. परंतु पद गेले म्हणून मत गेले असे होत नाही.

ऐतिहासिक साधने या मताच्या अगदी उलट साक्ष देतात, आणि ती साधने दुर्मिळही नाहीत. पीटर द मारीस या डच प्रवाशाने पश्चिम आफ्रिकेच्या सुवर्णकिनाऱ्याचे जे वर्णन १६०२ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात तेथील लोकांच्या पोहण्याच्या व बुडी मारण्याच्या कौशल्याची त्याने वाखाणणी केली आहे. खुद्द सूरिनामविषयीचा पुरावा त्याहून मोलाचा आहे. जॉन गॅब्रिएल स्टेडमन हा १७७३ ते १७७७ या काळात बंडखोर गुलामांविरुद्धच्या मोहिमेवर सूरिनाममध्ये होता. १७९६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तांतात असे नमूद आहे की गुलामांचा पोहणे हा आवडता विरंगुळा असून मुलेमुली दिवसातून अनेकदा नदीत उतरतात. स्टेडमन हा त्या लोकांशी लढण्यास आलेला सैनिक होता. त्यांची स्तुती करण्यात त्याचा काही लाभ नव्हता. यास्तव या बाबतीत त्याची साक्ष विश्वसनीय मानावयास हरकत नाही. अलीकडे केव्हिन डॉसन या अभ्यासकाने २०१८ च्या आपल्या ग्रंथात आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या जलसंस्कृतीविषयी अशी कितीतरी साधने एकत्र केली आहेत. मोती काढण्यासाठी, बुडालेल्या जहाजांतील माल वर आणण्यासाठी मळेवाले व व्यापारी मुद्दाम आफ्रिकी पाणबुडे वापरीत. बुडणारे शरीर या कामाला कोणी विकत घेतले नसते.

मग अठराव्या शतकात जे नदीत लीलया पोहत होते त्यांच्या वंशजांविषयी विसाव्या शतकात 'यांना पोहता येत नाही' असे म्हणण्याची पाळी का आली? दोन शतकांत हाडे बदलत नाहीत. मधल्या काळात पाणी बदलले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पोहणे ही नदीवरून उचलून भिंतींनी वेढलेल्या, मोजमाप केलेल्या, दारावर माणूस उभा असलेल्या तलावात नेलेली गोष्ट झाली. नदीला दार नसते. तलावाला असते, आणि त्या दारातून कोणाला आत सोडायचे हा प्रश्न क्रीडेचा न राहता सत्तेचा होतो. महाराष्ट्रातील वाचकाला हे फार समजावून सांगण्याची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले ते पिण्याच्या पाण्याविषयी होते, परंतु 'यांच्या स्पर्शाने पाणी बाटते' ही कल्पना दोन्ही ठिकाणी एकच आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इतिहास येथे विशेष प्रस्तुत ठरतो, कारण नेस्टी घडला तो तेथे. जेफ विल्ट्सी यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात सार्वजनिक तलावांचा हा इतिहास तपशीलवार मांडला आहे. २१ जून १९४९ रोजी सेंट लुइस शहरातील फेअरग्राउंड पार्कचा तलाव प्रथमच सर्व वर्णांच्या लोकांना खुला करण्यात आला. त्याच दिवशी गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीय मुलांवर हल्ले केले व नगरप्रशासनाने निर्णय तातडीने मागे घेतला. न्यायालयांनी वर्णभेद बेकायदा ठरविल्यानंतर अनेक शहरांनी सोपी युक्ती योजिली : तलावच बंद केले. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराने असे केले तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७१ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. तलाव कोणालाच खुला नाही, तेव्हा भेदभावही नाही, असा तो तर्क होता. गोरे लोक आपापल्या खाजगी क्लबांच्या तलावांकडे वळले. ज्यांना क्लब नव्हते त्यांना तलावही उरला नाही. पुढे त्यांच्या मुलांना पोहता येईना, तेव्हा त्याचे कारण हाडांत शोधण्यात आले.

यांतील सर्वांत बोलका प्रसंग फ्लोरिडा राज्यातील सेंट ऑगस्टिन गावचा. १८ जून १९६४ रोजी कृष्णवर्णीय व गोऱ्या सत्याग्रहींनी तेथील मॉन्सन मोटर लॉज या निवासगृहाच्या तलावात एकत्र उड्या घेतल्या. व्यवस्थापकाने त्यांना बाहेर काढण्यासाठी पाण्यात आम्ल ओतले. त्या क्षणाचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच दिवशी नागरी हक्कांचे विधेयक अमेरिकेच्या सीनेटमध्ये संमत झाले. सेंट ऑगस्टिनपासून उत्तरेस सुमारे साठ किलोमीटरवर जॅक्सनव्हिल हे शहर आहे. वीस-एक वर्षांनी सूरिनामचा एक कृष्णवर्णीय मुलगा याच शहरातील एका खाजगी शाळेच्या तलावात जगातील सर्वोत्तम प्रशिक्षण घेणार होता.

या मुलाचे आरंभीचे शिक्षण पारामारिबोत झाले. सबंध देशात ५० मीटर लांबीचा तलाव एकच होता. एवढ्या साधनांवर तो १६ व्या वर्षी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला गेला आणि १०० मीटर बटरफ्लायमध्ये एकविसावा आला. ही गोष्ट वृत्तान्तांत क्वचितच येते, पण ती महत्त्वाची आहे; एक तलाव असलेल्या देशातील मुलगा जगात एकविसावा येतो, तेव्हा त्याची गुणवत्ता वेगळ्या पुराव्याची वाट पाहत नाही. त्यानंतर तो जॅक्सनव्हिलच्या बोल्स स्कूलमध्ये ग्रेग ट्रॉय या प्रशिक्षकाच्या हाताखाली दाखल झाला. १९८७ साली इंडियानापोलिस येथील पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धांत त्याने १०० मीटर बटरफ्लायचे सुवर्णपदक मिळविले. म्हणून सेऊलपूर्वी तो अज्ञात होता हे विधान अर्धेच खरे आहे. प्रशिक्षकांना व प्रतिस्पर्ध्यांना तो माहीत होता. वृत्तपत्रांना माहीत नव्हता. चमत्काराची भाषा पुष्कळदा या दोन प्रकारच्या माहितीतील अंतरातून जन्मते.

नेस्टीपूर्वी एक नाव घेणे कर्तव्य आहे. कुरासाव बेटावर जन्मलेल्या एनिथ ब्रिगिता हिने १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये नेदर्लंड्सच्या वतीने १०० व २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये कांस्यपदके मिळविली. ऑलिंपिक जलतरणात पदक मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. १०० मीटरमध्ये तिच्या पुढे असलेल्या दोघी पूर्व जर्मनीच्या होत्या. त्या देशात खेळाडूंना शासकीय योजनेनुसार संप्रेरके दिली जात, हे पुढे त्या राज्याच्या अंतानंतर बाहेर आलेल्या कागदपत्रांवरून सिद्ध झाले. पदकांची यादी मात्र होती तशीच राहिली. ब्रिगिताचे नाव लोकांच्या स्मरणात असते, तर बारा वर्षांनी नेस्टीच्या विजयाने कोणाला एवढा धक्का बसला नसता.

येथे एक आक्षेप संभवतो. नेस्टी फ्लोरिडात शिकला, अमेरिकन प्रशिक्षकाने त्याला घडविले. मग हा विजय सूरिनामचा कसा? आक्षेपात तथ्य आहे, आणि तो टाळून देशाभिमानाच्या गोष्टी सांगणे योग्य नव्हे. सूरिनामपाशी जे नव्हते ते अमेरिकेने दिले : रोजचा तलाव, समान दर्जाचे सहाध्यायी, अनुभवी मार्गदर्शन. परंतु हाच आक्षेप नीट तपासला तर तो जडहाडांच्या सिद्धान्ताचे सर्वांत सबळ खंडन ठरतो. शरीर तेच होते. त्याला पाणी आणि शिक्षक मिळाल्याबरोबर चार वर्षांत ते एकविसाव्या स्थानावरून पहिल्या स्थानावर आले. निसर्गविज्ञानातील प्रयोगात एक घटक बदलून बाकीचे स्थिर ठेवतात. इतिहासात असे प्रयोग सहसा पाहावयास मिळत नाहीत. येथे तो जवळजवळ घडला. बाकी 'विजय कोणाचा' हा प्रश्न पदकाच्या यादीपुरताच सोपा आहे. गुलिट आणि रायकार्ड यांच्या बाबतीत तो उलट दिशेने विचारता येतो, आणि तो कोणी विचारला नाही.

पारामारिबोत नेस्टीचे स्वागत राष्ट्रपुरुषासारखे झाले. त्याच्या सन्मानार्थ टपाल-तिकीट निघाले, सोन्याचांदीची नाणी पाडण्यात आली, राजधानीतील क्रीडागृहाला त्याचे नाव मिळाले, पुढे २५ गिल्डरच्या नोटेवरही जलतरणाचे चित्र आले. सूरिनाम एअरवेजने आपल्या एका डीसी-८ विमानाला त्याचे नाव दिले. हे 'अँथनी नेस्टी' विमान ७ जून १९८९ रोजी ॲमस्टरडॅमहून येताना पारामारिबोच्या विमानतळाजवळ कोसळले. १८७ जणांपैकी १७६ मृत्युमुखी पडले. मृतांत नेदर्लंड्समध्ये खेळणारे सूरिनामी वंशाचे फुटबॉलपटू होते. मायदेशी सामने खेळण्यासाठी त्यांचा संघ येत होता. लहान देशात आनंद आणि शोक दोहोंसाठी नावे मोजकीच असतात.

नेस्टीची नंतरची कारकीर्द सेऊल ही अपघाताने मिळालेली संधी नव्हती हे दाखविण्यास पुरेशी आहे. १९९१ साली पर्थ येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तो याच शर्यतीत पहिला आला. फ्लोरिडा विद्यापीठाच्या वतीने अमेरिकन आंतरविद्यापीठ स्पर्धांतही त्याने विजेतेपदे मिळविली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्याला कांस्यपदक मिळाले. सेऊलला ज्याला येता आले नव्हते तो मोरालेस त्या वेळी पहिला आला. पुढे नेस्टी त्याच विद्यापीठात प्रशिक्षक झाला आणि २०१८ पासून तेथील पुरुष संघाचा मुख्य प्रशिक्षक. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या पुरुष जलतरण संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्याच्याकडे आले. त्या पदावर कृष्णवर्णीय व्यक्तीची नेमणूक होण्याची ती पहिलीच वेळ. त्या स्पर्धांत अमेरिकन पुरुषांना वैयक्तिक सुवर्णपदक एकच मिळाले, १,५०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये, आणि ते मिळविणारा बॉबी फिंक हा फ्लोरिडात नेस्टीच्याच हाताखाली तयार झालेला होता. सूरिनामच्या नावावर पॅरिसनंतरही ऑलिंपिक पदके दोनच राहिली : १९८८ चे सुवर्ण आणि १९९२ चे कांस्य.